ठेवणीतले कपडे

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरातील कपाट किंवा लोखंडी पेटी एकदा उघडून पाहा. रोजच्या कपड्यांच्या खाली, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेला एखादा कपडा तुम्हांला दिसेल. तो अब्बांच्या निकाहाच्या वेळचा सूट असेल. दादाजानची काळी शेरवानी असेल. नाहीतर भाईजानने पहिल्या पगारातून शिवलेला कोट असेल. ईद, लग्न, मुलाखत, शाळेतील समारंभ अशा प्रसंगीच हे कपडे बाहेर निघतात. अशा कपड्यांना मराठीत ‘ठेवणीतले कपडे’ म्हणतात.

हे कपडे महाग असतात. ते पुन्हापुन्हा शिवता येत नाहीत. म्हणून त्यांची निगा कशी राखावी हे प्रत्येकाला माहीत असले पाहिजे. ही माहिती नसली तर काय होते, ते आधी पाहू.

रिद्धपूर हे अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील गाव. मराठीतील पहिला गद्यग्रंथ मानला जाणारा ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ म्हाइंभटांनी तेराव्या शतकात याच गावी सिद्ध केला. २०२४ साली येथे मराठी भाषा विद्यापीठाचे कामकाजही सुरू झाले. अशा या रिद्धपुरात एक साधे कुटुंब राहते, अशी कल्पना करा. घरातील मोठ्या मुलाची सोमवारी अमरावतीला मुलाखत आहे. नवा कोट घेण्याइतके पैसे घरात नाहीत. म्हणून अब्बांचा जुना लोकरीचा कोट शिंप्याकडून त्याच्या मापाचा करून घेतला आहे.

रविवारी सकाळी धाकट्या भावाच्या मनात आले, ‘भाईजानचे कपडे आपण स्वतः धुऊन द्यावेत.’ त्याने चुलीवर पाणी कढत केले. त्यात धुण्याचा सोडा टाकला. भाईजानचा पांढरा सुती सदरा आणि तो कोट, दोन्ही त्या पाण्यात भिजवले, ब्रशने खसखसा घासले, पिळले आणि उन्हात वाळत घातले. दुपारी सदरा अगदी पांढराशुभ्र निघाला. कोट मात्र आखडला होता. त्याच्या बाह्या मनगटाच्या वर गेल्या होत्या. छातीवर फुगे आले होते. भाईजान रागावला नाही. सोमवारी तो नुसत्या सदऱ्यावर मुलाखतीला गेला. पण धाकट्याला त्या दिवशी जेवण गोड लागले नाही.

पाणी तेच, सोडा तोच, ऊनही तेच. मग सदरा उजळला आणि कोट बिघडला, असे का झाले? या प्रश्नाचे उत्तर कपड्याच्या धाग्यात आहे.

धागा ओळखा

आपल्या वऱ्हाडात कापूस पिकतो. कापसाच्या बोंडातून सुती कापड तयार होते. कापूस वनस्पतीपासून मिळतो. सुती धागा ओला झाल्यावर अधिक मजबूत होतो. त्याला कढत पाणी, सोडा आणि कडक इस्त्री सोसते.

लोकर मेंढीच्या अंगावरून येते आणि रेशीम किड्यापासून मिळते. हे दोन्ही धागे प्राण्यांपासून मिळतात. ते आपल्या केसांसारखे प्रथिनांचे बनलेले असतात. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर माशाच्या खवल्यांसारखे बारीक खवले असतात. कढत पाण्यात साबण लावून लोकर घासली की हे खवले एकमेकांत अडकतात. एकदा अडकले की ते सुटत नाहीत. म्हणून लोकरीचा कपडा आटतो, आणि तो ताणूनही पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. सोडा आणि ब्लीचिंग पावडर तर लोकर व रेशीम यांचे शत्रूच आहेत.

तिसरा प्रकार पॉलिएस्टरचा. हा धागा खनिज तेलापासून कारखान्यात तयार होतो. टेरीकॉट म्हणजे पॉलिएस्टर आणि कापूस यांचे मिश्रण. टेरीवूल म्हणजे पॉलिएस्टर आणि लोकर यांचे मिश्रण. हे कापड लवकर वाळते आणि त्याला चुण्या कमी पडतात. पण गरम इस्त्रीने ते चकाकते, आणि फार गरम इस्त्रीने वितळते.

कपडा कशाचा आहे हे कळत नसेल, तर शिलाईच्या आतून एक दोरा काढा. मोठ्या माणसाला जवळ बसवून तो चिमट्यात धरून जाळून पाहा. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते. लोकर व रेशीम यांना केस जळल्यासारखा वास येतो. पॉलिएस्टर वितळते आणि त्याची टणक गोळी बनते. कपड्याची शिलाई मात्र दुसऱ्याच दोऱ्याची असते. म्हणून दोरा कापडाचाच काढावा.

तयार कपड्याच्या आत एक लहान चिठ्ठी शिवलेली असते. तिच्यावरील खुणाही वाचायला शिका. पाण्याच्या टबाचे चित्र म्हणजे कपडा धुता येतो. टबावर फुली असेल तर तो पाण्यात घालू नये. त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीचिंग पावडर वापरू नये. इस्त्रीच्या चित्रात एक ठिपका असेल तर इस्त्री कोमट, दोन ठिपके असतील तर मध्यम आणि तीन असतील तर कडक ठेवावी. नुसते वर्तुळ असेल तर तो कपडा ड्रायक्लीनिंगला देता येतो.

कोट आणि शेरवानी पाण्यात का घालू नये?

कोट किंवा शेरवानी वरून एक कापड दिसते, पण आत तीन थर असतात. वरचे कापड, आतले अस्तर आणि दोघांच्या मध्ये बक्रम. ‘अस्तर’ हा शब्द तुम्हांला उर्दूतूनही माहीत आहे. बक्रममुळे छाती आणि कॉलर यांना आकार येतो. पाण्यात हे तीन थर सारखे आटत नाहीत. चिकटवलेले बक्रम सुटते आणि कापडावर फुगे येतात. रिद्धपूरच्या त्या कोटाचे असेच झाले.

अशा कपड्यांसाठी ड्रायक्लीनिंग असते. ‘ड्राय’ म्हणजे कोरडे. पण या पद्धतीत कपडा कोरडा राहत नाही. तो पाण्याऐवजी दुसऱ्या एका रासायनिक द्रवात धुतात. या द्रवात तेल व मेण विरघळते, पण धागा पाण्यात फुगतो तसा फुगत नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये हा धंदा सुरू झाला. तेव्हा टर्पेंटाईन, पेट्रोल यांसारखे द्रव वापरत आणि त्यामुळे आगी लागत. म्हणून एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. घरी पेट्रोल किंवा रॉकेल घेऊन कोट साफ करण्याचा प्रयत्न कधीही करू नका. चार पैसे वाचवण्यासाठी जीव धोक्यात घालणे ही काटकसर नव्हे.

रोजची पाच मिनिटे

मग घरी काय करता येते? पुष्कळ करता येते. कोट किंवा शेरवानी एकदा घातली की ती लगेच मळत नाही. तिच्यावर धूळ बसते आणि तिला घामाचा ओलावा लागतो. धूळ झटकली आणि ओलावा वाळवला, तर ड्रायक्लीनिंगची गरज फार कमी होते.

समारंभातून घरी आल्यावर कोट लगेच कपाटात ठेवू नका. आधी खिसे रिकामे करा. रुंद खांद्यांच्या हँगरवर तो सावलीत, वारा लागेल अशा जागी रात्रभर टांगून ठेवा. सकाळी मऊ ब्रशने वरून खाली हलक्या हाताने धूळ झटका. कॉलर, खिशांच्या कडा आणि बाह्यांची टोके यांकडे अधिक लक्ष द्या. तोच कोट लागोपाठ दोन दिवस घालू नका. एक दिवस विश्रांती मिळाली की लोकरीच्या चुण्या बऱ्याचशा आपोआप जातात. उरलेल्या चुण्यांसाठी कोट न्हाणीघरात गरम पाण्याच्या वाफेजवळ दहा मिनिटे टांगावा, आणि मग पुन्हा वाऱ्यावर वाळवावा.

इस्त्री करायचीच झाली तर कोटावर सुती, ओलसर फडके पसरून त्यावरून मध्यम इस्त्री फिरवा. थेट इस्त्रीने लोकर चकाकते आणि कपडा जुना दिसतो.

अत्तर लावायचे असेल तर ते हाताला लावावे, किंवा त्याचा फाया कानात ठेवावा. शेरवानीवर थेट लावलेल्या अत्तराचा तेलकट डाग पडतो.

डाग पडला तर

डाग पडताच घासू नका. घासल्याने तो पसरतो आणि आत शिरतो. स्वच्छ फडक्याने तो टिपून घ्या. मग डाग कशाचा आहे हे आठवा.

ईदच्या दिवशी शेरवानीवर शीरखुर्मा सांडला असे समजा. शीरखुर्म्यात दूध असते आणि तूपही असते. प्रथम चमच्याच्या कडेने तो हळूच उचलून घ्या. मग थंड पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने टिपा. गरम पाणी नको. अंडे उकडल्यावर घट्ट होते हे तुम्ही पाहिले आहे. दूध, अंडे आणि रक्त यांच्या डागांतील प्रथिनेही उष्णतेने तशीच घट्ट होतात आणि धाग्याला चिकटून बसतात. जागा वाळल्यावर तुपासाठी तिच्यावर टाल्कम पावडर भुरभुरावी. काही तासांनी ती ब्रशने झटकावी. पावडर तूप शोषून घेते.

सुती सदऱ्यावर हळदीचा डाग पडला आणि त्याला साबण लावला की तो लाल होतो. मुले घाबरतात. पण यात घाबरण्यासारखे काही नाही. हळद आम्लारीत लाल होते, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. साबण आम्लारीधर्मी असतो. सदरा भरपूर पाण्यात खळबळून कडक उन्हात वाळत घाला. हळदीचा रंग उन्हाने फिका होतो.

बॉलपेनच्या डागाखाली जुने फडके ठेवावे आणि वरून स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने टिपावे. स्पिरिट विस्तवापासून दूर ठेवावे. कोणताही उपाय करताना तो आधी कपड्याच्या आतल्या, न दिसणाऱ्या कडेवर करून पाहावा.

सदरा आणि पॅन्ट

सदरा व साधी पॅन्ट घरीच धुवावी. सदऱ्याची कॉलर आणि बाह्यांची टोके आधी ओली करून त्यांना साबण लावावा आणि दहा मिनिटे ठेवावे. मग हाताने चोळावे. कडक ब्रशने कॉलरचे धागे तुटतात. रंगीत कपडे उलटे करून सावलीत वाळवावेत. पांढरे सुती कपडे उन्हात वाळवावेत. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. एवढे ऊन पांढऱ्या कपड्याला चांगले, पण रंगीत कपड्याचा रंग ते उडवते.

अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तेथील विहिरींच्या खारट पाण्यात साबणाला फेस येत नाही. कपड्यावर साबणाचा पांढरट थर बसतो आणि पांढरा कपडा मळकट दिसू लागतो. अशा पाण्यात साबणाऐवजी धुण्याची पावडर वापरावी. शेवटचे पाणी तरी नळाचे किंवा साठवलेले पावसाचे घ्यावे.

सुती कुर्त्याला व टोपीला खळ लागते. ती विकत आणण्याची गरज नाही. भाताची पेज गाळून पाण्यात मिसळली की झाली खळ. कपडा थोडा दमट असतानाच इस्त्री करावी. आधी कॉलर, मग बाह्या आणि शेवटी पाठ व पुढची बाजू, असा क्रम ठेवावा.

सदऱ्याची कॉलर विरली म्हणजे सदरा टाकून देऊ नका. शिंपी ती उसवून, उलटी करून पुन्हा बसवून देतो. विरलेली बाजू आत जाते आणि सदरा आणखी एखादे वर्ष चालतो.

कसर आणि काटकसर

मराठीत ‘कसर’ म्हणजे लोकर खाणारा किडा. याचे लहान पतंग उजेडात फारसे येत नाहीत. त्यांच्या अळ्या लोकर कुरतडतात. घामाचे किंवा अन्नाचे डाग असलेली जागा त्यांना विशेष आवडते. म्हणून मळका कोट कधीही पेटीत ठेवू नये. पावसाळ्याआधी तो झटकून, वारा देऊन, पूर्ण कोरडा करून स्वच्छ सुती चादरीत गुंडाळावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडतो आणि बुरशी येते. डांबराच्या गोळ्या ठेवायच्या असतील तर त्या कापडात बांधून ठेवाव्यात. त्या कपड्याला लागू देऊ नयेत. लहान मुलांच्या हाती तर त्या पडूच देऊ नयेत, कारण त्या विषारी असतात. पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा पेटी उघडून कपड्यांना वारा द्यावा.

मराठीत खर्च जपून करण्याला ‘काटकसर’ म्हणतात. ज्याला काटकसर करायची आहे, त्याने आपल्या कपड्यांना कसर लागू देऊ नये!

हिशेब करून पाहा

रिद्धपूरसारख्या गावातून कोट ड्रायक्लीनिंगला द्यायचा म्हणजे मोठ्या गावी जावे लागते. एकदा तो देण्यासाठी आणि एकदा आणण्यासाठी. समजा, धुलाईचे ४०० रुपये आणि दोन खेपांचे बसभाडे २०० रुपये झाले. एका वेळचा खर्च ६०० रुपये. वर्षातून आठ वेळा कोट दिला तर ४,८०० रुपये होतील. घरी निगा राखून दोनच वेळा दिला तर १,२०० रुपये होतील. म्हणजे ३,६०० रुपये वाचले.

आता इस्त्रीचे पाहू. समजा, आठवड्याला नऊ कपडे बाहेर दिले आणि एका कपड्याचे १० रुपये पडले. महिन्याचे चार आठवडे धरले तर ३६० रुपये होतात. घरी १,००० वॅटची इस्त्री आठवड्यातून एक तास चालवली, तर महिन्याला चार युनिट वीज लागते. युनिटला १० रुपये धरले तरी खर्च ४० रुपये. महिन्याला ३२० रुपये आणि वर्षाला ३,८४० रुपये वाचले. दोन्ही मिळून ७,४४० रुपये झाले. हे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत. तुमच्या गावचे दर घालून तुम्ही स्वतः हिशेब करा. एवढ्या पैशांत बहिणीची पुस्तके आणि परीक्षेची फी निघते की नाही, तेही पाहा.

याचा अर्थ धोब्याकडे किंवा ड्रायक्लीनिंगच्या दुकानात कधी जाऊच नये, असा नाही. मोठा तेलकट डाग, जरीकाम केलेली शेरवानी, रेशमी अस्तर ही कामे जाणकाराचीच आहेत. त्याला डाग कशाचा आहे ते आधी सांगावे आणि त्याचे पैसे वेळेवर द्यावेत. त्याच्या हातातही हुनर आहे.

स्वच्छतेची शोभा

शेवटी आपल्याच जिल्ह्यातील एका थोर पुरुषाची आठवण करू. संत गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. परीट म्हणजे कपडे धुणारे. बाबा स्वतः चिंध्या जोडून शिवलेले वस्त्र वापरत. त्यांच्या हातात नेहमी खराटा असे. ते गावोगावी जाऊन रस्ते झाडत आणि रात्री कीर्तनातून लोकांना सांगत, की कर्ज काढून सण करू नका, कपडे कमी किमतीचे वापरा, पण मुलांना शाळेत घाला. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. अमरावतीच्या विद्यापीठाला आज त्यांचेच नाव आहे. माणसाची शोभा कपड्याच्या किमतीत नसून स्वच्छतेत आहे, हे त्यांनी आपल्या जगण्यातून दाखवले.

तेव्हा, मुलांनो, कपडे धुणे हे अम्मीचे किंवा आपाचेच काम आहे असे समजू नका. या रविवारी अब्बांच्या कोटावरील धूळ तुम्ही झटका. आपला सदरा आपण धुवा. पण कढत पाण्याचे भांडे हाती घेण्याआधी एक क्षण थांबा, आणि कपड्याचा धागा पाहा. रिद्धपूरच्या त्या धाकट्या भावाच्या मनात प्रेम होते, मेहनतही होती. फक्त माहिती नव्हती. ती आता तुमच्याजवळ आहे.

स्वाध्याय

१. एकाच पाण्यात धुऊनही सदरा उजळला आणि कोट बिघडला. याचे कारण तुमच्या शब्दांत लिहा.

२. शेरवानीवर शीरखुर्मा सांडला तर काय काय कराल? क्रमाने सांगा.

३. ‘कसर’ आणि ‘काटकसर’ हे शब्द वापरून दोन-दोन वाक्ये लिहा.

४. अस्तर, हिशेब, खर्च, साबण यांसारखे उर्दूत आणि मराठीत सारखे किंवा जवळपास सारखे असलेले शब्द पाठातून शोधा.

५. तुमच्या घरातील ठेवणीतल्या एका कपड्याची माहिती घरातील मोठ्या माणसांना विचारून दहा ओळींत लिहा.